पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांच्या मुलाखतीही छापाव्यात

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या अंकात आपण गुणवंतांची छायाचित्रे आणि त्यांच्या मुलाखती छापता. आईवडील पेढा भरवत असतात, मुलगा किंवा मुलगी रोज किती तास अभ्यास केला ते सांगते, मोबाइलपासून कसे दूर राहिलो ते सांगते आणि पुढे काय व्हायचे आहे तेही सांगते. या मुलांचे कौतुक व्हायलाच हवे, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मात्र तीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवल्यानंतर, आणि निवृत्त झाल्यापासून गणितात नापास झालेल्या मुलांची संध्याकाळची मोफत शिकवणी घेत असताना, एक विनंती माझ्या मनात सतत घोळते आहे. पुरवणी परीक्षेचा निकाल लागेल तेव्हा तिच्यात उत्तीर्ण झालेल्या चार-सहा मुलामुलींशी, त्यांच्या व पालकांच्या संमतीने आणि हवे तर नाव न छापता, आपल्या प्रतिनिधींनी बोलावे आणि ती मुले नेमकी कशी उत्तीर्ण झाली हे तितक्याच ठळकपणे छापावे. ही विनंती मी निव्वळ कणव म्हणून करत नाही. व्यक्तिमत्त्वाच्या मानसशास्त्रात सामाजिक-बोधात्मक सिद्धांत म्हणून जो विचार प्रसिद्ध आहे, त्याच्या भक्कम आधारावर ती करत आहे आणि म्हणूनच हे पत्र थोडे लांबणार आहे.

या सिद्धांताचे जनक अल्बर्ट बंडुरा यांचा जन्म ४ डिसेंबर १९२५ रोजी कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील एका लहानशा गावात झाला. गावातल्या शाळेत शिक्षक मोजके आणि साधने तुटपुंजी, त्यामुळे मुलांना आपला अभ्यास बराचसा आपणच करावा लागे, असे ते सांगत. १९५३ पासून ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात होते आणि २६ जुलै २०२१ रोजी वयाच्या ९५व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बी.एड. केलेल्या प्रत्येक शिक्षकाला त्यांचा १९६१चा बोबो बाहुलीचा प्रयोग आठवत असेल. बालवाडीतल्या ७२ मुलांवर तो झाला होता. ज्यांच्यासमोर मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुलीला बडवले, त्या मुलांनी संधी मिळताच तेच केले. ‘मुले पाहून शिकतात’ एवढेच आपण त्यातून घेतो आणि थांबतो.

मला स्वतःला १९६५चा पुढचा प्रयोग शिक्षकांसाठी अधिक मोलाचा वाटतो. त्यात मुलांना एक चित्रफीत दाखवली गेली. काहींनी पाहिलेल्या फितीत बाहुलीला मारणाऱ्या माणसाला शेवटी बक्षीस मिळाले, काहींच्या फितीत त्याला शिक्षा झाली, तर काहींच्या फितीत काहीच घडले नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी अनुकरण कमी केले, हे अपेक्षितच होते. पण नंतर ‘त्या माणसाने जे जे केले ते करून दाखवलेस तर खाऊ मिळेल’ असे सांगितल्यावर तिन्ही गटांतल्या मुलांनी जवळपास सारखेच करून दाखवले. म्हणजे शिकलेली सगळीच होती, काही जण फक्त दाखवत नव्हती. शिकणे वेगळे आणि शिकलेले करून दाखवणे वेगळे. या दोहोंच्या मध्ये मुलाची अपेक्षा उभी असते. केले तर पुढे काय होईल आणि मुळात मला जमेल का, हे दोन प्रश्न मूल मनातल्या मनात विचारत असते आणि त्यांची उत्तरेही मनातल्या मनातच ठरवून टाकते. पाहणे, मनात ठरवणे आणि करणे यांना एकत्र गुंफणारा हा विचार म्हणूनच नुसता ‘सामाजिक’ न राहता ‘बोधात्मक’ झाला. १९८६च्या आपल्या ग्रंथात बंडुरांनी त्याला हे नाव दिले. माणूस, त्याची कृती आणि त्याचा भोवताल हे तिन्ही एकमेकांना घडवत राहतात, असे त्याचे सार आहे. यात एकाकडेच सगळे श्रेय जात नाही आणि एकावरच सगळा दोषही येत नाही.

‘मला जमेल का’ या प्रश्नाच्या उत्तराला बंडुरांनी १९७७च्या एका शोधनिबंधात स्वतंत्र महत्त्व दिले. मराठीत त्याला स्वक्षमतेवरचा विश्वास म्हणता येईल. आपण सरसकट ज्याला आत्मविश्वास म्हणतो त्याहून हा वेगळा आहे, कारण तो एखाद्या ठरावीक कामापुरता असतो. ‘मी हुशार आहे’ असे वाटणे निराळे आणि ‘या वर्गसमीकरणाचे अवयव मी पाडू शकते’ असे वाटणे निराळे. हा विश्वास चार वाटांनी येतो, असे बंडुरांनी मांडले. पहिली आणि सर्वांत बळकट वाट म्हणजे ते काम स्वतः करून जमल्याचा अनुभव. दुसरी, आपल्यासारख्याच कोणाला ते जमताना पाहणे. तिसरी, कोणी तरी ‘तुला जमेल’ असे सांगणे. चौथी, आपल्या शरीराची आणि मनाची त्या वेळची अवस्था, म्हणजे छातीतली धडधड, तळहाताचा घाम आणि त्याचा आपण लावलेला अर्थ.

आता आपल्या शाळांकडे पाहू या. परीक्षा जवळ आली की दहावीच्या मुलांसाठी प्रेरणादायी व्याख्यान ठेवले जाते. मीही अशी अनेक व्याख्याने वर्गाच्या मागच्या बाकावर बसून ऐकली आहेत. वक्ते तळमळीने बोलतात, मुले टाळ्या वाजवतात, ‘मी करू शकतो’ असे एका सुरात म्हणतात आणि त्या तासाभरात सभागृहात खरोखरच उत्साह असतो. पण दुसऱ्या दिवशी वही उघडल्यावर पहिलेच उदाहरण सुटले नाही की तो उत्साह ओसरतो. इतकेच नव्हे, तर ‘एवढे सांगूनही मला जमत नाही, म्हणजे खोट माझ्यातच आहे’ अशी त्या मुलाची खात्री पटते. चार वाटांपैकी तिसरी वाट एकटी पुरत नाही, याचा हा रोजचा पडताळा आहे. सांगण्याला पाठोपाठ करून पाहण्याची जोड मिळाली तरच ते टिकते.

करून पाहण्याची ताकद किती असते, हे बंडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सापाची आत्यंतिक भीती असलेल्या माणसांवर दाखवून दिले. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात काहींना साप हाताळणाऱ्यांची चित्रफीत दाखवली, काहींवर शिथिलीकरणाचे प्रचलित उपचार केले, तर काहींसमोर उपचारकाने प्रत्यक्ष साप हाताळला आणि मग त्यांनाच पायरीपायरीने पुढे नेले. आधी लांबून पाहायचे, मग जवळ यायचे, मग उपचारकाच्या हाताच्या आधाराने स्पर्श करायचा, आणि शेवटी एकट्याने साप हातात घ्यायचा. या शेवटच्या गटातल्या जवळजवळ सर्वांची भीती गेली आणि इतर कोणत्याही पद्धतीपेक्षा हा गुण अधिक ठरला. तिथे कोणी कोणाला धीराचे भाषण दिले नव्हते. पायरी इतकी लहान ठेवली होती की ती चढता येणारच होती.

माझ्या शिकवणीतली एक मुलगी मला या संदर्भात नेहमी आठवते. मार्चच्या परीक्षेत ती गणितात नापास झाली होती. तिची वही पाहिली तर अक्षर मोत्यासारखे, समास आखलेला, प्रश्न निळ्या शाईत सुबक उतरवलेला आणि त्याखाली उत्तरासाठी सोडलेली कोरी जागा. पानामागून पान असेच होते. ‘बाई, मला गणित येतच नाही, आमच्या घरात कुणालाच येत नाही,’ हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितले, जणू काही आपला रक्तगट सांगावा तसे. भाग एकमधले वर्गसमीकरणांचे प्रकरण उघडले, पण मी तिला समीकरण सोडवायला दिले नाही. पुस्तकाच्या पानावर एक पोस्टकार्ड ठेवून फक्त तीन उदाहरणे दिसतील एवढीच जागा उघडी ठेवली आणि विचारले, ज्यांचा गुणाकार १२ आणि बेरीज ७ आहे अशा दोन संख्या कोणत्या? तिने बोटांवर मोजून ४ आणि ३ सांगितले. मग गुणाकार २० आणि बेरीज ९. मग गुणाकार १८ आणि बेरीज ११. तो सगळा आठवडा आम्ही एवढेच केले. दुसऱ्या आठवड्यात उणे चिन्ह आले तेव्हा ती अडखळली, आणि तेव्हा लक्षात आले की तिचे खरे दुखणे दहावीच्या गणितात नव्हतेच, ते सहावीतल्या पूर्णांक संख्यांच्या बेरीज-वजाबाकीत होते. तिथे परत जाऊन चार दिवस घालवले. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी तिने न विचारता पोस्टकार्ड स्वतःच्या हाताने दोन उदाहरणे खाली सरकवले. माझ्या सबंध नोकरीत मिळालेल्या कौतुकाच्या पत्रांपेक्षा ती दोन उदाहरणांची सरकलेली कड मला अधिक मोलाची वाटते. पुरवणी परीक्षेत तिला गणितात ४३ गुण मिळाले.

हे पोस्टकार्ड मला आपोआप सुचलेले नाही. बंडुरा आणि डेल शंक यांनी १९८१मध्ये वजाबाकीत फार मागे असलेल्या ४० मुलांवर केलेला प्रयोग वाचल्यावर ते सुचले. मुले साधारण सात ते दहा वर्षांची होती आणि साहित्य सर्वांना तेच दिले होते, एकूण ४२ पाने आणि सात बैठका. एका गटाला सुचवले, की दर बैठकीत निदान सहा पाने करायचे ध्येय ठेवा. दुसऱ्या गटाला सुचवले, की सातव्या बैठकीअखेर ४२ पाने संपवायचे ध्येय ठेवा. हिशेब केला तर दोन्ही सूचना एकच आहेत. तरीही सहा पानांचे ध्येय ठेवणारी मुले वजाबाकीत पुढे गेली, त्यांचा स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास वाढला, आणि नंतर कोणी सांगितले नसतानाही ती आपण होऊन वजाबाकी सोडवायला बसली. ४२ पानांच्या गटाला मात्र कोणतेच ध्येय न दिलेल्या मुलांहून फारसा लाभ झाला नाही. आपण वर्षाच्या सुरुवातीला मुलांना ‘यंदा ९० टक्के’ असे ध्येय देतो, त्या प्रत्येक वेळी मला ही ४२ पाने आठवतात.

ही झाली पहिली वाट. वृत्तपत्राला ती आखता येणार नाही, ते काम शिक्षकांचे आणि पालकांचे आहे. दुसरी वाट मात्र, म्हणजे आपल्यासारख्याच कोणाला जमताना पाहण्याची वाट, वृत्तपत्राच्या हातात आहे, आणि माझी विनंती तिच्याशी संबंधित आहे. शंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात हातच्याच्या वजाबाकीत अडणाऱ्या मुलांना वेगवेगळ्या चित्रफिती दाखवून पाहिल्या. शिक्षक वजाबाकी करताना पाहिलेल्या मुलांपेक्षा, आपल्याच वयाचे मूल ती करताना पाहिलेल्या मुलांचा विश्वास अधिक वाढला आणि त्यांची उदाहरणेही अधिक बरोबर आली. पुढे १९८७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी असे एक मूल दाखवले की जे पहिल्यापासून सफाईने सोडवते, आणि असे दुसरे की जे आधी अडखळते, चुकते, ‘मला हे नीट जमत नाही’ म्हणते आणि हळूहळू सावरते. फीत पाहणाऱ्या मुलांना हे दुसरे मूल आपल्यासारखे वाटले. असे एकच मूल पाहिलेल्या मुलांना सफाईदार मूल पाहिलेल्यांपेक्षा अधिक लाभ झाला.

हे वाचल्यापासून मी दरवर्षी आदल्या वर्षी पुरवणीत उत्तीर्ण झालेल्या दोन मुलांना शिकवणीत बोलावते आणि फळ्यावर उदाहरण सोडवायला सांगते. आधी तयारी करू देत नाही. ती मुले सोडवताना मोठ्याने बोलतात. ‘थांब, इथे माझे चिन्ह चुकले,’ असे म्हणून डस्टरने ओळ पुसतात आणि पुन्हा लिहितात. खाली बसलेल्या मुलांची नजर त्या पुसलेल्या ओळीवर खिळलेली असते. चूक झाल्यावर जग बुडत नाही, ओळ पुसायची आणि पुढे जायचे, हे त्यांना माझ्या तोंडून पटले नसते. तीस वर्षांत फळ्यावर माझी चूक झालेली माझ्या विद्यार्थ्यांनी क्वचितच पाहिली असेल, आणि तीच माझ्या शिकवण्यातली उणीव होती.

गुणवंतांच्या मुलाखतींविषयी माझे म्हणणे एवढेच आहे. ९८ टक्के मिळवणारी मुलगी ४० टक्क्यांच्या काठावर असलेल्या मुलाला आपल्यासारखी वाटत नाही. तो तिचे कौतुक वाचतो आणि तिच्या आणि आपल्यातले अंतर तेवढे मोजतो. ‘रोज दहा तास अभ्यास केला’ या वाक्यात पायऱ्या नसतात, फक्त माथा असतो. त्याऐवजी ‘मला उणे चिन्ह कळत नव्हते, मग मी सहावीचे पुस्तक काढले, लाज वाटली, पण काढले’ असे कोणी सांगितले, तर ते वाचणाऱ्या मुलाला आज रात्री करण्यासारखे काही तरी मिळते.

नापास झालेल्या मुलावर आपण जे शिक्के मारतो, त्यांनाही अशा मुलाखतींनी थोडा आळा बसेल. हा मुळातच आळशी, ती मुळातच घाबरट, असे आपण किती सहज म्हणतो! याच विचारधारेतले दुसरे मोठे मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८मध्ये असा आक्षेप घेतला, की स्वभावाच्या गुणांच्या मोजमापावरून माणसाच्या एखाद्या प्रसंगातल्या वागण्याचे भाकीत फारसे करता येत नाही. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका उन्हाळी शिबिरातल्या मुलांच्या वागण्याच्या तपशीलवार नोंदी अभ्यासल्या. एखादे मूल सवंगड्याने चिडवले की मारायला धावायचे, पण मोठ्या माणसाने ताकीद दिली तर शांत राहायचे. दुसऱ्याचे नेमके उलट. दोघांनाही ‘भांडखोर’ म्हटले, तर दोघांपैकी एकही कळत नाही. माझ्या शिकवणीतल्या त्या ‘घाबरट’ मुलीने जिल्हास्तरीय खो-खो स्पर्धेत संघाचे नेतृत्व केले होते. ती गणिताच्या तासाला घाबरत होती, एवढेच म्हणणे खरे होते, आणि एवढे म्हटले की मग त्या तासात काय बदलायचे याचा विचार सुरू होतो.

या सिद्धांतावर घेतलेला एक आक्षेप मी गांभीर्याने घेते. जेफ्री व्हँकुव्हर या संशोधकाने २००२च्या सुमारास दाखवून दिले, की विश्वास वाढल्याने काही वेळा माणूस गाफील होतो आणि पुढच्या खेपेला त्याची कामगिरी घसरते. मीही हे पाहिले आहे. चार उदाहरणे सुटली की ‘मला येते’ म्हणून वही मिटणारी मुले असतात. म्हणूनच मुलाखतीत ‘तुझा आत्मविश्वास कसा वाढला?’ असे विचारू नये. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तू नेमके काय केलेस, कोणते प्रकरण सोडून दिलेस, कोणाला विचारलेस, कधी रडलीस आणि त्यानंतर किती वेळाने पुन्हा वही उघडलीस, असे प्रश्न विचारावेत. शिवाय घरी दिवा आहे का, संध्याकाळी काम करावे लागते का, शाळेत गणिताचे शिक्षक वर्षभर होते का, हेही विचारावेच. भोवताल माणसाला घडवतो असे बंडुरा सांगतात तेव्हा या गोष्टी त्यात येतात. ज्या शाळेत सहा महिने गणिताचे पद रिक्त आहे, तिथल्या मुलाला ‘स्वतःवर विश्वास ठेव’ एवढेच सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

अशा मजकुराला वाचक मिळणार नाहीत, अशी शंका आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण गुणवंतांच्या पानावरून ज्यांच्या घरात त्या दिवशी बोलणे बंद होते, ती घरेही आपलीच वाचक आहेत. त्यांना जुलैअखेरीस किंवा ऑगस्टमध्ये, पुरवणीचा निकाल लागेल तेव्हा, एक अर्धे पान द्यावे, एवढेच माझे मागणे आहे.

माझ्या शिकवणीतली तीन मुले बोलायला तयार आहेत आणि त्यांच्या पालकांनी संमती दिली आहे. पोस्टकार्डवाल्या मुलीला विचारले तेव्हा तिने आधी ‘गुण पण छापतील का?’ असे विचारले. ‘तू म्हणशील तसे’ असे मी सांगितले. थोडा विचार करून ती म्हणाली, ‘छापू देत, पण मार्चमधले १९ आधी लिहा आणि मग ४३ लिहा.’ शिकवणी सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सहा ते आठ असते. आपल्या प्रतिनिधींनी त्या वेळेत यावे, म्हणजे फळ्यावरची उदाहरणेही पाहता येतील.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षिका, सोलापूर जिल्हा